दारिद्र्याचा आलेख मध्येच वर का उसळतो?

आलेखप्रेमी: भारतातल्या दारिद्र्याचा आलेख काढतोय. सरकारी आकडे असे मिळाले: १९९३-९४ ला ३६ टक्के, १९९९-२००० ला २६.१, २००४-०५ ला ३७.२, २०११-१२ ला २१.९. पाच वर्षांत गरिबी अकरा टक्क्यांनी वाढली? शिवाय याच आलेखावर कुटुंबांचं उत्पन्नही दाखवायचंय.

नमुनापाहणी: वाढली नाही, मोजपट्टी बदलली. पहिले दोन आकडे लकडावाला समितीच्या दारिद्र्यरेषेचे (ज्याचा खर्च या रेषेखाली तो गरीब), पुढचे दोन तेंडुलकर समितीच्या रेषेचे. एकच रेषा धरा. तेंडुलकर पद्धतीने १९९३-९४ चा आकडा ४५.३ येतो, म्हणजे ४५.३, ३७.२, २१.९ अशी सरळ उतरंड. (रंगराजन समितीचे २०११-१२ चे २९.५ टक्के यात मिसळू नका, ती तिसरी रेषा.)

१९९९-२००० मात्र गाळाच. हे आकडे ज्या सरकारी कुटुंब-खर्च पाहणीतून निघतात, तिच्या त्या फेरीत खाण्यापिण्याचा खर्च त्याच कुटुंबाला ७ दिवसांचा आणि ३० दिवसांचा असा शेजारशेजारच्या रकान्यांत विचारला. लोक एका उत्तराशी दुसरं जुळवून सांगतात, त्यामुळे ३० दिवसांचा खर्च फुगला आणि गरीब कमी दिसले. त्यावर बरीच भांडणं झाली आहेत.

स्थिरकिंमत: उत्पन्नाचं म्हणाल तर ही पाहणी उत्पन्न विचारतच नाही, खर्च विचारते. तेव्हा अक्षावर ‘दरडोई मासिक खर्च’ असंच लिहा. ग्रामीण आकडा २०११-१२ मध्ये १,४३० रुपये, २०२२-२३ मध्ये ३,७७३. अडीचपटीहून जास्त वाटतो, पण २०११-१२ च्या किमतींत तो २,००८च भरतो, म्हणजे अकरा वर्षांत सुमारे ४० टक्के वाढ. महागाई वजा न करता काढलेला आलेख सरळ टोपलीत टाकावा.

आणि हे ४० टक्केही जपून वापरा. २०२२-२३ ला प्रश्नावलीचे तीन भाग करून तीन वेगवेगळ्या महिन्यांत भेटी दिल्या; आधी सगळं एकाच बैठकीत विचारायचे. थकलेला माणूस शेवटच्या वस्तू विसरतो, त्यामुळे थोडी वाढ नुसत्या विचारण्याच्या पद्धतीतूनही आलेली असू शकते.

आलेखप्रेमी: मग २०११-१२ नंतर रेष पुढे न्यायची कशी?

नमुनापाहणी: न्यायची नाही, तिथे तोडायची. २०१७-१८ ची पाहणी झाली, पण तिचा अहवाल प्रसिद्ध न करण्याचं सरकारने २०१९ मध्ये ठरवलं. २०२२-२३ चा बिंदू वेगळ्या रंगात, खाली टीप देऊन.