आक्षीला जाताना पंचांग बघा

तुम्ही लिहिलंय की अलिबागजवळ आक्षीच्या किनाऱ्यावर पक्षी बघायला गेलो, पण 'नुसते कुरवच' (गल) दिसले. बहुतेक ओहोटीला पोचला असाल. तेव्हा पाणी इतकं आत जातं की दुर्बिणीतूनही पक्षी म्हणजे ठिपके. भरती चढत असताना जायचं. पाणीच त्यांना किनाऱ्याकडे ढकलत आणतं. कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. मी द्वादशी-त्रयोदशी धरतो. सकाळचं ऊन पाठीमागून, सुरूच्या बनाकडून येतं, रंग नीट कळतात.

आणि कुरवांचा थवा सोडून पुढे जाऊ नका हो! त्यातच सुरय (टर्न) बसलेले असतात. चोच बघा. नारिंगी असली तर लेसर क्रेस्टेड टर्न, काळी आणि फक्त टोकाला पिवळी असली तर सँडविच टर्न. पलासचा कुरव मोठ्या आकारानेच ओळखू येतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये तर त्याचं डोकं काळं व्हायला लागतं.

मागच्या जानेवारीत एक ऑयस्टरकॅचर, म्हणजे शिंपले खाणारा किनाऱ्यावरचा पक्षी, जवळून बघायला मिळाला. लांब तांबडी चोच वाळूत पार मुळापर्यंत खुपसून त्याने शिंपला उपसला, उघडला, आणि तेवढ्यात एक कुरव धावत येऊन घास घेऊन गेला. बिचारा दोन पावलं सरकला आणि परत खुपसाखुपशी सुरू.

शनिवार-रविवार मात्र टाळा. पुळणीवर गाड्या फिरवणारे येतात, मग सगळा थवा उठतो तो उठतोच.