मदत हवी आहे: कपाशीची फरदड ठेवावी का?

नमस्कार मंडळी. राहते ऐरोलीत, पण जीव यवतमाळकडच्या आमच्या कपाशीत. दिवाळीला गेले तेव्हा डोमकळ्या (अळी लागल्याने न उमलता मिटून राहिलेली फुलं) दिसल्या. हिरवी बोंडं फोडली तर आत गुलाबी बोंडअळी. बाहेरून बोंड अगदी धड, हेच वाईट. विहिरीला पाणी आहे, म्हणून बाबा फरदड घेऊ म्हणतात, म्हणजे वेचणी झाल्यावरही पाणी देऊन तेच पीक पुढे चालू ठेवू. मला २०१७ चा बोंडअळीचा प्रादुर्भाव आठवतो, भीती वाटते.

अळी सरकीत, पऱ्हाटीत (कपाशीच्या उरलेल्या वाळक्या झाडांत) सुप्तावस्थेत राहते. डिसेंबरअखेर पीक काढून पऱ्हाट्या नष्ट केल्या की तिची साखळी तुटते, हे मला पटतं. पण शेजाऱ्यांनी फरदड ठेवली तर आमच्या एकट्याच्या काढण्याचा उपयोग होतो का? अख्ख्या शिवाराने मिळून हे केलंय अशांनी कृपया सांगा. बाबांना कसं समजवायचं, तेही.