‘संमती’, ‘रुकार’ की नुसतं ‘राजी’?

परिचारिका, अंबाजोगाई
दिवाळीनंतर इकडची माणसं ऊसतोडीला जातात, लेकरं आजीपाशी राहतात. असाच एक १५ वर्षांचा पोरगा, ‘पान लागलं’ म्हणून आजीनं रात्री आणला. (सापाचं नाव रात्री कोण घेतंय!) पाय टम्म सुजलेला, हिरड्यांतून रक्त, आणि हा म्हणतो, ‘सुई नगं.’ आई-बापाचा फोन लागेना. आजी म्हणे, ‘त्यो राजी न्हाई, म्या अंगठा कसा देऊ?’ डॉक्टरांनी समजावलं, अंगठा झाला, सापाच्या विषावरचं औषध सुरू केलं. केसपेपरवर मी लिहिलं, ‘आजीची संमती, मुलाचा नकार.’ मोठ्या सिस्टर म्हणाल्या, अज्ञान मुलाचा नकार लिहायचा नसतो. मग काय लिहायचं?

वकील, बीड
आधी ‘अज्ञान’. सातबाऱ्यावरच्या ‘अ.पा.क.’मधला (अज्ञान पालनकर्ता) ‘अ’ तोच. वय १८ च्या आत, एवढाच अर्थ. अक्कल नाही असा नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८ प्रमाणे १२ वर्षांखालच्या मुलाची संमती ही संमतीच धरत नाहीत. १२ ते १८ चं मात्र मोघम आहे, म्हणून दवाखाने पालकाचीच सही घेतात. आजीही नसती तरी अडलं नसतं. संमती देणारं कुणी वेळेत मिळत नसेल, तर रुग्णाच्या भल्यासाठी सद्भावनेनं केलेल्या उपचाराला कलम ३० चं संरक्षण आहे. पण नकार लिहायचा नाही, हे कुठल्या कलमात?

शिक्षक, उदगीर
मुलाच्या ‘हो-नाही’ला शब्द कोणता, हा खरा प्रश्न. ‘अनुमती’ वरच्यानं खालच्याला द्यायची, ती इथं बसत नाही. ‘होकार’ म्हटलं की सोयरीक आठवते. ‘रुकार’ हा होकाराचाच जुना शब्द मला आवडतो, पण केसपेपरवर तो कोण वाचणार? आजीचा ‘राजी’ सरस. अरबीतून आलेला, निजामाच्या कचेऱ्यांत रुळलेला, आणि मनाची तयारी नेमकी सांगणारा. संमती कागदावर असते, राजी माणूस असतो.

डॉक्टर, लातूर
पालकाची संमती वेगळी आणि मुलाचं राजी असणं वेगळं, हा फरक संशोधनात मानलेला आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पालकाच्या संमतीबरोबरच मुलाचाही रुकार वेगळा घ्यायचा असतो: ७ ते १२ तोंडी, पुढे १८ पर्यंत लेखी. इमर्जन्सीत तेवढा वेळ नसतो. तरी मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत लिहावं. ‘सुई नगं’ म्हणजे उपचार नको, की फक्त सुईची भीती? ‘नकार’ लिहिलं की हा प्रश्नच बुजतो.

परिचारिका, अंबाजोगाई
भीतीच होती. आता असं लिहीन: ‘आजीची संमती. मूल आधी राजी नव्हतं, सुईला भ्यालं. समजावल्यावर स्वतः हात पुढे केला.’