सल्ला हवा: मुलीसाठी हिरव्या स्फटिकांचा दगड कुठून घेऊ? (भुसावळ, बजेट १५०० रुपये)

तापीकाठ: मुलगी नववीत आहे. सावद्याजवळ तिच्या मामाच्या शेतात विहीर खोदताना काळ्या दगडाच्या पोकळीत पांढरे-गुलाबी स्फटिक निघाले, तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही. वाढदिवसाला हिरव्या अपोफिलाइटचा नमुना द्यायचा आहे. १५०० च्या वर जाणार नाही. कुठून घेऊ आणि खरा कसा ओळखू?

धुळेकर_आप्पा: १५०० मध्ये काय येतं भो? मी ८ हजारांचा जांभळा अमेथिस्ट घेतला. घरी येणारा माणूस आधी त्याच्याकडेच बघतो. थोडं थांबा, पैसे जमवा, एकदाच मोठा घ्या.

केळीबाग_रावेर: मोठ्याच्या नादी लागू नका. मी एका पर्यटनस्थळाबाहेर ९०० ला हिरवा गुच्छ घेतला. घरी कोमट पाण्यात धुतला तर दोन स्फटिक हातात आले, खाली पिवळा वाळलेला गोंद. अजून राग जात नाही. बुडाशी भिंग लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

गिरणाथडी: सिन्नरचं गारगोटी संग्रहालय दाखवा. आम्ही मुक्कामी गेलो होतो, मुलं दोन तास हलली नाहीत.

तापीकाठ: ताई, भुसावळहून सिन्नरला जाऊन यायचं पेट्रोलच बजेटच्या बाहेर जाईल.

सातमाळा: ओळखायचं कसं ते सांगतो. अपोफिलाइटचा स्फटिक चौकोनी असतो, टोकाला बहुधा पिरॅमिड. बाजूंना उभ्या बारीक रेघा, काचेसारखी चमक. वरची बाजू सपाट असेल तर तिथे मोत्यासारखी झाक. मामांच्या विहिरीतला गुलाबी बहुतेक स्टिलबाइट असेल. तो मध्ये आवळलेल्या ज्वारीच्या पेंढीसारखा दिसतो. व्हिनेगरचा थेंब टाकून फेस आला तर कॅल्साइट. पण चांगल्या नमुन्यावर टाकू नका, डाग राहतो.

धुळेकर_आप्पा: थोडक्यात, सगळे झिओलाइट या खनिजगटातलेच.

सातमाळा: नाही आप्पा. स्टिलबाइट, ह्युलँडाइट, स्कोलेसाइट हे झिओलाइट. अपोफिलाइट त्यांच्याच पोकळीत सापडतं, पण झिओलाइट नव्हे.

धुळेकर_आप्पा: दुकानदाराने मला झिओलाइट म्हणूनच दाखवलं होतं. वीस वर्षं धंदा करतो तो.

सातमाळा: धंदा करत असेल, पण अपोफिलाइटच्या रचनेत ॲल्युमिनियम नाही आणि झिओलाइटमध्ये असतं. माझा यात जीव आहे म्हणून चुकीचं जाऊ देत नाही.

बोअरवाला_यावल: विकत कशाला घेता? खदानीत जा, फुकट मिळेल.

केळीबाग_रावेर: पोरीला घेऊन खदानीत अजिबात जाऊ नका! सुरुंग लावतात, कडा सुटलेल्या असतात. माझ्या भाच्याच्या पायावर दगड आला, तीन महिने प्लास्टर होतं. आणि घेताना भिंग लावा, परत सांगतो.

गिरणाथडी: सिन्नरला जाच. वाटेत नाशिकची मिसळही होईल.

सातमाळा: आणखी एक. वाघूर नदीने कापलेल्या ज्या कड्यात अजिंठा कोरलाय, तो हाच काळा दगड, बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले, पुढे गरम पाण्यातली द्रव्यं त्या पोकळ्यांत स्फटिक होऊन बसली. तिथल्या चित्रांतला हिरवा रंग याच भागातल्या हिरव्या मातीचा. निळा मात्र लाजवर्द या निळ्या दगडाचा, तो अफगाणिस्तानात बदख्शानच्या डोंगरातल्या खाणींतून यायचा. त्या खाणी हजारो वर्षं जुन्या आहेत. पहिल्या लेणीत तो निळा नीट बघा, अंगावर काटा येतो. सोमवारी बंद असतं. तिथला खडाही उचलू नका, संरक्षित जागा आहे.

धुळेकर_आप्पा: अजिंठ्यात विकत काही मिळणार नाही. वाढदिवसाला वस्तू हवी, मोठी हवी.

तापीकाठ: सगळ्यांचे आभार. नमुना घेत नाही. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घेतलं, कालच आलं. विहिरीचा मलमा मामांनी बांधावर टाकून ठेवलाय, काल संध्याकाळी तिथेच बसलो. पोरीने एक ढेकूळ फोडलं, आत बोटाच्या पेरात मावेल एवढी पोकळी, तिच्यात पेंढीच पेंढी. अंधार पडला तरी उठेना. आज शाळेला जाताना तेच ढेकूळ रुमालात गुंडाळून दप्तरात टाकलंय. रविवारी अजिंठा. उरलेल्या पैशात दोघांचं जाणं-येणं आणि जेवण बसतंय.

केळीबाग_रावेर: ढेकूळ फोडताना डोळ्यांना चष्मा लावला होता ना?

तापीकाठ: नाही लावला. रविवारच्या आधी आणतो.