मदत हवी आहे: माध्यम कंपनीतील इम्पेअरमेंट (मालमत्तेचे मूल्य घटल्याने तिची पुस्तकी रक्कम कमी करणे) आणि विक्रीचा तोटा दोनदा मोजला जाऊ नये म्हणून काय करावे?

नमस्कार मंडळी,

आमच्या गुंतवणूकदारांच्या अभ्यासगटासाठी मी माध्यम कंपन्यांच्या ताळेबंदांवर टिपण तयार करत आहे. लेखापरीक्षण किंवा मूल्यांकन करणाऱ्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिली शंका वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीबाबत आहे. 2024 च्या एप्रिल-जून तिमाहीत कंपनीचा महसूल 9.7 अब्ज डॉलर, तर निव्वळ तोटा सुमारे 10 अब्ज डॉलर होता. टीव्ही वाहिन्यांच्या विभागाचे गुडविल (व्यवसाय विकत घेताना त्याच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली रक्कम) 9.1 अब्ज डॉलरने कमी केल्याचा तो मुख्यतः परिणाम होता. त्याच तिमाहीत कंपनीकडे 97.6 कोटी डॉलरचा मोकळा रोकड प्रवाह (कामकाजातून आलेल्या रोखीतून भांडवली खर्च वजा जाता उरणारी रोकड) मात्र शिल्लक राहिला. गुडविल कमी करण्याचा हा खर्च बिगररोख असल्याने रोकड प्रवाह पत्रकात तो निव्वळ तोट्यात पुन्हा मिळवून रद्द केला जातो, हे मान्य. परंतु 2022 च्या विलीनीकरणात ज्या किमतीतून हे गुडविल निर्माण झाले ती भागधारकांनीच मोजली होती, आणि टीव्ही जाहिरातींतील मंदी व एनबीएच्या (अमेरिकेतील बास्केटबॉल लीग) प्रक्षेपण हक्कांबाबतची अनिश्चितता ही कारणे केवळ कागदोपत्री नव्हती. म्हणून भांडवलावरील परतावा काढताना मी गुडविल मूळ रकमेनेच धरतो. हे योग्य आहे ना?

खरी अडचण डिस्नेच्या स्टार इंडियाची आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये रिलायन्सशी करार जाहीर झाला आणि त्या वर्षीच्या जानेवारी-मार्च तिमाहीत डिस्नेने स्टार इंडिया व स्वतःच्या मनोरंजन वाहिन्या मिळून सुमारे 2.05 अब्ज डॉलरचे गुडविल कमी केले. व्यवहार पूर्ण झाला तो 14 नोव्हेंबर 2024 रोजी. (स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी एका छत्राखाली आल्या, तो हाच व्यवहार.) इम्पेअरमेंटनंतर पुस्तकी मूल्य आधीच खाली आलेले असल्याने विक्रीच्या दिवशी उरलेला फरकच तोटा म्हणून दिसणार, म्हणजे दोन्ही रकमांची बेरीज केली तरी दुहेरी मोजणी होत नाही, असे मला वाटते.

मात्र चलनाचे काय? डिस्नेने फॉक्सकडून हा व्यवसाय घेतला तेव्हा, मार्च 2019 मध्ये, डॉलर 69 रुपयांच्या आसपास होता आणि व्यवहार पूर्ण होताना 84 च्या. रुपयाच्या घसरणीचा साचलेला तोटा तोवर भागभांडवलातील राखीव खात्यात पडून असतो. माझ्या समजुतीप्रमाणे इंड एएस 21 (परकीय चलनाबाबतचे भारतीय लेखा मानक) नुसार तो विक्रीच्या वेळी नफा-तोटा पत्रकात येतो, तर अमेरिकी नियमांत विक्रीचे ठरताच इम्पेअरमेंटची चाचणी करताना तो पुस्तकी मूल्यात मिळवावा लागतो. तसे असेल, तर एकाच व्यवहाराचा तोटा दोन देशांच्या पद्धतींत वेगवेगळ्या तिमाहीत दिसेल, आणि आमच्या तुलनात्मक तक्त्यात इम्पेअरमेंट व विक्रीचा तोटा हे दोन रकाने ठेवण्यापेक्षा दोन्ही एकत्र धरणेच बरे. ही समजूत बरोबर आहे का, आणि चलनाचा हा भाग वार्षिक अहवालातील कोणत्या टिपेतून वेगळा काढता येतो, हे कृपया सांगावे.