बँड ७ ची ऑफर आली, पगाराच्या पायरीचं कुणाशी बोलायचं?

प्रेषक: रेडिंगकर

नमस्कार मंडळी,

कार्यक्रमांच्या मेलांमध्ये हा नोकरीचा विषय घुसवतोय, सांभाळून घ्या. इंग्लंडातल्या सरकारी आरोग्यसेवेच्या (एनएचएस) एका ट्रस्टमध्ये डेटा विश्लेषणाच्या जागेसाठी माझी निवड झाली आहे. बँड ७, म्हणजे पगाराची ठरलेली श्रेणी. जाहिरातीत ४७,८१० ते ५४,७१० पौंड लिहिलं होतं. मी १२ वर्षं खासगी कंपन्यांत हेच काम करतोय, आधी पुण्यात, मग इथे. त्यामुळे मधला कुठलातरी आकडा येईल असं धरून चाललो होतो. एचआरच्या मेलमध्ये थेट तळाचा आकडा आला. सध्या ५८ हजार मिळतात. कमी घ्यायची तयारी आहे, पण इतकं?

खासगीत असतो तर दुसरी ऑफर दाखवून घासाघीस केली असती. इथे ते चालतं का? मुलाखत घेणाऱ्या बाई फार आपुलकीने बोलल्या, त्यांच्यापुढे लगेच पैशांचं काढायला जीभ रेटत नाही. बायको म्हणते, सरकारी आकडे ठरलेले असतात, उगाच वाईटपणा कशाला.

प्रेषक: क्रॉयडनकर

रेडिंगकर, आधी अभिनंदन. मी एका ट्रस्टमध्ये निवडीच्या पॅनेलवर बसतो, म्हणून पलीकडच्या खुर्चीतून काय दिसतं ते सांगतो.

तुमच्या ५८ हजारांचा विषय आधी संपवू. त्या आकड्याला आमच्याकडे फारसं वजन नाही. बँड जागेला मिळतो, माणसाला नाही. कामाचं मूल्यमापन होऊन तो आधीच ठरलेला असतो, म्हणून ‘मला ८ए (त्यावरचा बँड) द्या’ म्हणण्यातही अर्थ नाही. दुसऱ्या कंपनीची ऑफर दाखवलीत तर पॅनेल फार तर हळहळेल. बोलायला वाव आहे तो बँडच्या आतल्या पायरीवर. बँड ७ ला तीनच पायऱ्या: २०२५-२६ च्या दराने तळाला ४७,८१०, दोन वर्षांनी ५०,२७३, पाच वर्षं भरली की ५४,७१०.

एचआरने तळ लिहिला याचं मनाला लावून घेऊ नका. बाहेरून आलेल्याला तळाला बसवायचं हा सर्रास शिरस्ता आहे. तुमचा अर्ज ज्यांनी वाचला ते वेगळे आणि पगाराचा आकडा टाकणारे वेगळे. वरची पायरी हवी तर मागावी लागते, आणि ती मागणी व्यवस्थापकाकडून वर जावी लागते. म्हणजे तुम्ही ज्यांच्याशी बोलायला लाजताय त्याच बाई तुमच्या वकील आहेत. त्यांना फोन करा आणि ट्रस्टचं सुरुवातीच्या पगाराचं धोरण पाठवायला सांगा. बहुतेक ट्रस्टांकडे ते लेखी असतं: कुठला अनुभव धरायचा, पुरावा काय लागतो, सही कुणाची.

मग अनुभव मोजून द्यायचा. ‘१२ वर्षं’ एवढ्याने भागत नाही. त्यातली किती वर्षं या जागेच्या तोडीची होती हा खरा प्रश्न. जाहिरातीतलं पर्सन स्पेसिफिकेशन (उमेदवाराकडून काय अपेक्षित आहे त्याची यादी) समोर ठेवा आणि एकेका मुद्द्यापुढे लिहा: हे मी अमुक कंपनीत अमुक साली ते अमुक सालापर्यंत केलं, हाताखाली इतकी माणसं होती. शिकाऊ वर्षं स्वतःच वगळा, म्हणजे उरलेल्यांवर विश्वास बसतो. १२ पैकी सहा वर्षं तोडीची निघाली तरी केस भक्कम.

अडचण येते ती बहुतेक टीममधल्या तुलनेमुळे. तिथे तेवढ्याच अनुभवाची एखादी बाई तळाला काम करत असेल आणि तुम्हाला वर बसवलं, तर २०१० च्या समानता कायद्याखाली समान वेतनाचा प्रश्न उभा राहतो. म्हणून नकार आला तरी तो तुमच्या लायकीवरचा शेरा समजू नका. सगळ्यात वरची पायरी मागायची असेल तर या तुलनेत टिकेल एवढा कागद हवा. नाहीतर मधली मागा.

आणि हे सगळं ‘हो’ लिहायच्या आधी. करारावर सही होऊन पगार सुरू झाला की पायरी मागे जाऊन बदलून घेणं फार जड जातं.

एका फोनची किंमत सांगतो, तुम्ही आकड्यांतले आहात. दोन वर्षांचं श्रेय मिळून मधल्या पायरीवर लागलात, तर पहिली दोन वर्षं २,४६३ पौंड जास्त. तिसऱ्या वर्षी बरोबरी. चौथ्या-पाचव्या वर्षी तुम्ही वर पोचलेले, तळाला लागलेला मधल्या पायरीवर, फरक ४,४३७. पाच वर्षांत एकूण १३,८०० पौंड, २०२५-२६ च्याच दराने. त्यानंतर दोघं एकाच जागी. अर्थात पायरी नुसती तारीख उलटली म्हणून मिळत नाही, अप्रेझल आणि सक्तीची प्रशिक्षणं पूर्ण लागतात.

प्रेषक: हॅरोकर

मागितलं आणि त्यांनी ऑफरच काढून घेतली तर? आमच्या पिढीने मिळालं ते मुकाट्याने घेतलं.

प्रेषक: क्रॉयडनकर

काका, पायरी नाकारलेली पुष्कळदा पाहिली आहे. सभ्यपणे विचारलं म्हणून ऑफर मागे घेतलेली मी तरी पाहिली नाही. निवडीचा तो सगळा खटाटोप पुन्हा करायची हौस कुणाला आहे?

प्रेषक: लेस्टरकर

दादांनी पायरीचं नीट सांगितलं, पण रेडिंगकरांची तुलनाच अर्धी आहे. मी पेरोलमध्ये आहे, रोज बघते. ५८ हजार आणि ४७ हजार समोरासमोर ठेवून झोप उडवून घेऊ नका, पेन्शन धरा. एनएचएसच्या २०१५ च्या योजनेत दरवर्षी पगाराच्या १/५४ इतकं वार्षिक पेन्शन तुमच्या नावावर जमतं, आणि नोकरीत असेपर्यंत ते महागाई अधिक दीड टक्क्याने वाढतं. तळाच्या पायरीवरही एका वर्षाचे ८८५ पौंड, निवृत्तीनंतर दरवर्षी. मालकाचा वाटा २३.७ टक्के आहे. खासगीत कायद्याने किमान ३ टक्के, तुमची कंपनी किती भरते ते पाहा. मात्र तुमच्या पगारातूनही दहा टक्क्यांच्या आसपास कापले जातील, तेव्हा घरखर्चाचं गणित हातात येणाऱ्या रकमेवर करा. पहिल्या महिन्यात स्लिप बघून दचकणारे मी पुष्कळ पाहिलेत.

रजेचंही विचारा. सुरुवातीला २७ दिवस आणि ८ सार्वजनिक सुट्ट्या. पाच वर्षांनी २९, दहा वर्षांनी ३३. एनएचएसबाहेरचा संबंधित अनुभव सेवेत धरायची मुभा एनएचएसच्या नोकरीच्या अटींच्या हँडबुकच्या १२व्या कलमात आहे. मुभा आहे, हक्क नाही. पण पायरी नाकारली तर निदान रजा तरी पदरात पडते का बघा.

आणि राजीनामा इतक्यात देऊ नका! आत्ता हातात आहे ती सशर्त ऑफर. मागच्या तीन वर्षांचे रेफरन्स, राइट टू वर्क (इथे काम करायचा हक्क), ऑक्युपेशनल हेल्थ (आरोग्य तपासणी), लागत असेल तर डीबीएस (गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी), हे सगळं होऊन पक्कं पत्र आलं की मगच. यात आठवडे जातात.

प्रेषक: रेडिंगकर

सर्वांचे आभार. बाईंना फोन केला. त्यांनीच उलट विचारलं, की तुम्ही अजून काही कळवलं कसं नाही. धोरणाची पीडीएफ आली आहे. मेल असा लिहिलाय:

‘या जागेबद्दल मला मनापासून उत्सुकता आहे. होकार कळवण्यापूर्वी सुरुवातीच्या पायरीचा विचार व्हावा अशी विनंती. पर्सन स्पेसिफिकेशननुसार माझ्या संबंधित अनुभवाचा तक्ता जोडला आहे. त्यातली सात वर्षं या पदाच्या पातळीची आहेत असं मला वाटतं. मधल्या किंवा वरच्या पायरीसाठी आपण शिफारस कराल का?’

५८ हजारांचा उल्लेख काढून टाकला. एक घोळ उरलाय: सातपैकी तीन वर्षं पुण्यातली, आणि ती कंपनी नंतर विकली गेली. नवे मालक अनुभवपत्राच्या मेलला उत्तरच देत नाहीत.

प्रेषक: लेस्टरकर

तारखांसाठी ईपीएफओच्या पोर्टलवरची सर्व्हिस हिस्टरी आणि त्या वर्षांचे फॉर्म १६ काढा. पण त्यातून तुम्ही तिथे होता एवढंच सिद्ध होतं, काम काय होतं ते नाही. त्यासाठी जुनं नेमणूकपत्र शोधा, आणि तेव्हाच्या साहेबांकडून कामाच्या स्वरूपाचं पत्र मागवा. ते आता दुसऱ्या कंपनीत असले तरी मागवा. हे चालेल का, ते एचआरला आधी विचारून घ्या. नाहीच चाललं, तर इथल्या चार वर्षांवर मधली पायरी मागा.