जनुकीय अहवाल काउंटरवर आला, तर औषध दुकानातील फार्मासिस्टने काय करावे?

निशिगंध (प्रश्न)

औषध दुकानात रोज काउंटरवर उभे राहणाऱ्या आम्हा फार्मासिस्टांपुढे आता औषधचिठ्ठीच्या जोडीने जनुकीय चाचणीचा अहवालही येऊ लागला आहे. ज्या अहवालामुळे हा धागा काढावासा वाटला, तो हृदयाच्या रक्तवाहिनीत नुकताच स्टेंट बसवलेल्या एका रुग्णाचा होता. चाचणी त्यांनी स्वतःहून करून घेतली होती आणि डॉक्टरांनी ती अजून पाहिली नव्हती. औषधांवर प्रक्रिया करणाऱ्या एन्झाइमांच्या जनुकांपैकी सीवायपी२सी१९ समोर ‘इंटरमिजिएट मेटाबोलायझर’ (एन्झाइमचे काम नेहमीपेक्षा कमी) आणि सीवायपी२डी६ समोर ‘नॉर्मल मेटाबोलायझर’ (काम नेहमीसारखे) असे शेरे होते. चिठ्ठीवर रक्ताची गुठळी रोखणारे क्लोपिडोग्रेल आणि आम्लपित्तासाठी ओमेप्राझोल होते, तर दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलेले नैराश्यावरील पॅरॉक्सेटिन आधीपासून चालू होते. त्यांनी मला विचारले, “ही रक्त पातळ करणारी गोळी मला लागू पडते की नाही?”

पदवीच्या अभ्यासक्रमात आपण यकृतातील एन्झाइमे शिकतो, परंतु असा अहवाल हाती घेऊन समोरच्या माणसाला काय सांगावे, हे शिकवले जात नाही. वेगवेगळ्या देशांतील फार्मासिस्टांच्या पाहण्यांतूनही वारंवार हेच दिसते की, या विषयाबद्दल उत्सुकता भरपूर असते, मात्र अहवालाचा अर्थ लावण्याचा आत्मविश्वास फार थोड्यांकडे असतो. म्हणून माझा प्रश्न असा आहे की, प्रिसिजन मेडिसिनसाठी, म्हणजे रुग्णाच्या जनुकांनुसार औषध ठरवण्याच्या पद्धतीसाठी, औषध दुकानातील फार्मासिस्टची तयारी म्हणजे नेमकी कशाची तयारी? अभ्यासाला सुरुवात कोठून करावी, आणि आपल्या अधिकाराची हद्द कोठे संपते?

खलबत्ता (प्रतिसाद)

प्रथम त्या रुग्णाविषयी लिहितो, कारण तो भाग थांबून राहण्यासारखा नाही. क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा ते निष्क्रिय असते. यकृतातील एन्झाइमे त्याचे कार्यक्षम रूप तयार करतात आणि त्या कामात सीवायपी२सी१९ चा वाटा मोठा असतो. या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी असेल, तर कार्यक्षम औषध कमी तयार होते. दोन्ही निकामी असतील, तर फारच कमी होते. या दुसऱ्या गटासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये औषधाच्या माहितीपत्रकात चौकटीतला इशारा घातला. क्लिनिकल फार्माकोजेनेटिक्स इम्प्लिमेंटेशन कन्सॉर्शियम, म्हणजेच सीपीआयसी, या संस्थेची २०२२ ची मार्गदर्शिका आणखी पुढे जाते आणि स्टेंट बसवलेल्या रुग्णांत ‘इंटरमिजिएट’ गटासाठीही, अन्य अडचण नसल्यास, त्याच कामाच्या प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉर या औषधांचा विचार करण्यास सांगते. ‘अन्य अडचण’ हे शब्द येथे मोलाचे आहेत, कारण ज्याला पूर्वी पक्षाघात होऊन गेला आहे त्याला प्रासुग्रेल देता येत नाही आणि ही माहिती जनुकीय अहवालात कोठेही नसते.

एवढे सगळे ठाऊक असूनही काउंटरवर उच्चारायचे पहिले वाक्य असे असावे: “आजची गोळी चुकवू नका, हा अहवाल मी आजच तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घालतो.” अहवाल पाहून घाबरलेला रुग्ण गोळी आपण होऊन बंद करतो, आणि ताज्या स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका त्या बंद करण्यानेच सर्वाधिक वाढतो. आपल्या अधिकाराची हद्दही येथेच स्पष्ट होते. औषध बदलण्याचा निर्णय डॉक्टरांचा आहे. तो योग्य माहितीच्या आधारे आणि वेळेत व्हावा, ही जबाबदारी मात्र आपली आहे.

आता त्या चिठ्ठीकडे पुन्हा पाहा. ओमेप्राझोल हे सीवायपी२सी१९ ला अटकाव करते. म्हणजे जन्मतःच अर्ध्या क्षमतेने चालणारे एन्झाइम आपण आम्लपित्ताच्या औषधाने आणखी मंद करत आहोत. क्लोपिडोग्रेलसोबत ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल टाळावे, असे माहितीपत्रकच सांगते. पँटोप्राझोलचा हा परिणाम बराच कमी असतो. ही सूचना करण्यासाठी जनुकीय चाचणीची गरजही नव्हती.

पॅरॉक्सेटिनची गोष्ट याहून बोलकी आहे. ते सीवायपी२डी६ ला इतक्या जोरकसपणे अडवते की, अहवालात ‘नॉर्मल’ असलेला माणूस प्रत्यक्षात ‘पुअर मेटाबोलायझर’सारखा (एन्झाइम जवळपास काम न करणारा) वागू लागतो. या बदलाला फिनोकन्व्हर्जन म्हणतात. उद्या या रुग्णाला दुखण्यासाठी कोडीन किंवा ट्रॅमाडॉल लिहून दिले गेले, तर ही वेदनाशामके सीवायपी२डी६ मुळेच कार्यक्षम होत असल्याने कोडीनचे मॉर्फिन होण्याची क्रिया पुरेशी होणार नाही, वेदना थांबणार नाहीत, आणि अहवाल ‘नॉर्मल’ म्हणत असल्यामुळे दोष कदाचित रुग्णाच्या सहनशक्तीला दिला जाईल. जनुक बदललेले नसते. शेजारची गोळी बदललेली असते. हृदयरोगतज्ज्ञ आपली चिठ्ठी पाहतात, मनोविकारतज्ज्ञ आपली, आणि चिठ्ठीविना घेतलेल्या गोळ्या दोघांनाही दिसत नाहीत. पूर्ण यादी एकाच जागी येते ती औषध दुकानात. माझ्या मते आपली खरी तयारी या यादीकडे जनुकांच्या नजरेने पाहण्याची आहे. शंभर जनुकांची नावे पाठ करणे हे दुय्यम आहे.

अभ्यासासाठी औषध आणि जनुक यांच्या मोजक्या जोड्या पुरेत: क्लोपिडोग्रेल आणि सीवायपी२सी१९, कोडीन व ट्रॅमाडॉल आणि सीवायपी२डी६, सिमव्हास्टॅटिन आणि एसएलसीओ१बी१, ॲझाथायोप्रिन आणि टीपीएमटी व एनयूडीटी१५, कार्बामाझेपिन आणि एचएलए-बी*१५:०२. सीपीआयसीचे काम २००९ मध्ये सुरू झाले आणि तिच्या मार्गदर्शिका कोणालाही विनामूल्य वाचता येतात. नेदरलँड्समध्ये तर फार्मासिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने २००५ मध्येच यासाठी कार्यगट नेमला आणि त्याच्या शिफारशी औषध देताना वापरल्या जाणाऱ्या संगणकप्रणालीत आणल्या. फार्मासिस्टला सगळे तोंडपाठ असावे, अशी अपेक्षा तेथेही नाही.

सूक्ष्मदर्शी (प्रतिसाद)

मी प्रयोगशाळेच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण अहवालातील शेरा हे अंतिम सत्य मानले जाताना मी नेहमी पाहतो. ‘नॉर्मल’ याचा अर्थ त्या जनुकात काहीच बदल नाही, असा नसतो. ज्या बदलांसाठी चाचणी केली, त्यांपैकी एकही सापडला नाही, एवढाच असतो. बहुतेक चाचण्यांत मोजकेच बदल तपासले जातात आणि काही सापडले नाही की ती प्रत ‘स्टार १’, म्हणजे नेहमीसारखी, म्हणून नोंदवली जाते (जनुकाच्या प्रकारांना असे स्टार क्रमांक देतात). त्यामुळे अहवालाच्या शेवटी बारीक अक्षरांत दिलेली ‘कोणते प्रकार तपासले’ ही यादी फार्मासिस्टने शेऱ्याच्या आधी वाचावी. सीवायपी२डी६ च्या बाबतीत तर जनुकाच्या प्रती मोजल्या आहेत की नाही, हेही पाहावे लागते. काहींमध्ये हे जनुक मुळातच गळालेले असते, तर काहींमध्ये त्याच्या दोनाहून अधिक प्रती असतात. हे मोजले नाही, तर कोडीनचे झपाट्याने मॉर्फिन करणारी व्यक्ती आपल्या नजरेतून निसटते. अशा मुलांच्या बाबतीत घडलेल्या गंभीर घटनांमुळेच अमेरिकेत २०१७ मध्ये १२ वर्षांखालील मुलांसाठी कोडीन निषिद्ध ठरवले गेले.

जुन्या अहवालांबाबत विशेष काळजी घ्यावी. सीवायपी२डी६ चा ॲक्टिव्हिटी स्कोअर, म्हणजे दोन्ही प्रतींच्या कार्यक्षमतेचा एकत्रित आकडा, १ असलेली व्यक्ती सीपीआयसीच्या पूर्वीच्या व्याख्येनुसार ‘नॉर्मल’ गणली जात होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकमताच्या व्याख्येनुसार ती ‘इंटरमिजिएट’ ठरते. माणूस तोच आणि नमुनाही तोच असूनही शेरा बदलतो. तसेच अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या रक्तात दात्याचे जनुक दिसते, मात्र औषधाचे विघटन करणारे यकृत रुग्णाचे स्वतःचे असते. “पूर्वी कोणते प्रत्यारोपण झाले आहे का?” हा साधा प्रश्न विचारला नाही, तर अत्यंत अचूक चाचणीसुद्धा दिशाभूल करू शकते.

तारतम्य (प्रतिसाद)

मी औषधे लिहून देणाऱ्यांपैकी आहे आणि वरील बहुतेक मुद्दे मला मान्य आहेत. तरीही उत्साहाला थोडा आवर घालावासा वाटतो, कारण सर्व जोड्यांमागचा पुरावा सारख्या वजनाचा नाही. एचआयव्हीवरील अबाकाविर देण्यापूर्वी एचएलए-बी*५७:०१ हा जनुकप्रकार तपासावा, हे २००८ च्या रुग्णांवरील मोठ्या अभ्यासाने निर्विवाद सिद्ध केले. फ्लुओरोयुरॅसिल किंवा कॅपेसिटाबिन ही कर्करोगावरील औषधे देण्याआधी डीपीडी या एन्झाइमची कमतरता तपासण्याची शिफारस युरोपियन औषध संस्थेने २०२० मध्ये केली, तीही योग्यच आहे, कारण तेथे चूक जिवावर बेतते.

याउलट रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिनचे पाहा. २०१३ मध्ये रुग्णांवरील दोन मोठ्या क्लिनिकल चाचण्यांचे निष्कर्ष एकाच वेळी आले: युरोपातील चाचणीत जनुकांवर आधारित मात्रा सरस ठरली, तर अमेरिकेतील चाचणीत वय, वजन इत्यादींवरून काढलेल्या मात्रेपेक्षा तिचा लाभ दिसला नाही. एवढेच नव्हे, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ती उणी पडली. त्यांच्यात आढळणारे सीवायपी२सी९ चे काही प्रकार त्या गणितात धरलेलेच नव्हते. सूक्ष्मदर्शी ज्या यादीविषयी लिहितात, तिचे महत्त्व यातून कळते.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, युरोपातील ७ देशांत झालेल्या प्रिपेअर अभ्यासाचा दाखला नेहमी दिला जातो. १२ जनुकांची चाचणी आधीच करून औषध दिल्यावर लक्षणीय दुष्परिणाम सुमारे ३० टक्क्यांनी घटले, हा त्याचा निष्कर्ष आशादायक आहे. परंतु ज्यांच्या अहवालात औषध बदलण्याजोगे काहीच नव्हते, त्यांना धरून काढलेल्या एकूण आकड्यांतही घट जवळपास तेवढीच दिसली: २८.६ टक्क्यांवरून २१.५ टक्के. आपली चाचणी झाली आहे, हे रुग्णांना ठाऊक होते. मग लाभ जनुकांमुळे किती झाला आणि रुग्णाकडे अधिक लक्ष दिले गेल्यामुळे किती झाला, हा प्रश्न उरतो. म्हणून ज्या दुकानात मूत्रपिंडाच्या कार्याची विचारपूस होत नाही आणि रुग्ण गोळी रोज घेतो की नाही हे विचारले जात नाही, तेथे प्रथम ते सुरू व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

निशिगंध (प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद)

तिघांचेही मनापासून आभार. तारतम्य यांचा आक्षेप मला पटतो, तरी एक सांगावेसे वाटते: विचारपूस आधी की जनुके आधी, अशी निवड काउंटरवर आमच्या हाती नसते, कारण अहवाल घेऊन आलेल्या माणसाला तो परत घेऊन जा, असे आम्ही म्हणू शकत नाही. आता दोनच शंका उरतात. डॉक्टरांना कळवताना मजकूर कसा असावा, जेणेकरून तो त्यांच्या निर्णयातील ढवळाढवळ वाटणार नाही? आणि दुकानाच्या नोंदीत यातले काय ठेवावे?

खलबत्ता (प्रतिसाद)

मी साधारण असे लिहितो: “आपल्या रुग्णाचा सीवायपी२सी१९ अहवाल सोबत जोडला आहे, त्यात एक प्रत निकामी दिसते. सध्या क्लोपिडोग्रेल आणि ओमेप्राझोल दोन्ही चालू आहेत. पर्यायी प्लेटलेटरोधक औषधाचा विचार शक्य आहे का, आणि तोवर ओमेप्राझोलऐवजी पँटोप्राझोल चालेल का, हे कृपया कळवावे. रुग्णास कोणतीही गोळी थांबवण्यास सांगितलेले नाही.” शेवटचे वाक्य मी कधीही गाळत नाही. पहिली काळजी डॉक्टरांना तीच असते.

तारतम्य (प्रतिसाद)

असे पत्र मला आले, तर मी त्याच दिवशी उत्तर देईन. त्यात रुग्णाला पूर्वी पक्षाघात किंवा रक्तस्राव झाला आहे का, याची एक ओळ घालावी, म्हणजे पर्याय निवडताना पुन्हा फोन करावा लागणार नाही.

सूक्ष्मदर्शी (प्रतिसाद)

नोंदीविषयी: नुसता शेरा ठेवू नका. जनुकाचे दोन्ही स्टार क्रमांक, तपासलेल्या प्रकारांची यादी, नमुना रक्ताचा की लाळेचा, आणि चाचणीची तारीख हे सर्व ठेवा. व्याख्या बदलली, तरी या माहितीवरून नवा शेरा काढता येतो. ‘नॉर्मल’ या एका शब्दावरून तो काढता येत नाही. नोंद ठेवण्यापूर्वी रुग्णाची लेखी संमती घ्यावी, आणि ती कोणाला दिसेल हेही त्याला सांगावे. ही माहिती त्याच्या एकट्याची नसते: कार्बामाझेपिनने त्वचेची गंभीर प्रतिक्रिया घडवू शकणारा एचएलए प्रकार त्याच्यात सापडला, तर तो त्याच्या भावंडांतही असू शकतो, आणि त्यांना ते सांगायचे की नाही हे त्यानेच ठरवायचे असते.